हे तुम्हाला कुणी शिकवलं?

(नवी मुंबईतील एका स्मृती व्याख्यानमालेच्या समारोपाच्या दिवशी दिलेल्या व्याख्यानाचा शब्दांकित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर मला चित्रकला शिकवायचे. आम्ही वाशीत राहायला आलो तेव्हा मी दुसरीत होते. खाडीवरचा पूल १९७३ मध्येच झाला होता, पण रेल्वे यायला १९९२ साल उजाडलं. तोवर मुंबईला जायचं म्हणजे मानखुर्दपर्यंत बस आणि पुढे लोकल. शाळेच्या मागे खाजण होतं, पुढे अर्धवट रस्ते. बाहेरगावच्या नातेवाइकांना आम्ही पत्ता सांगायचो तो सेक्टरच्या आकड्यात, आणि त्यांना वाटायचं की आम्ही एखाद्या कारखान्याच्या वसाहतीत राहतो.

शनिवारी अर्धी शाळा सुटली की सर चार-पाच मुलांना घेऊन निघायचे. वाशीच्याच जुहूगावात कोणी होडी दुरुस्त करत असेल तर तिथे, तुर्भ्याकडे दगडाच्या खाणीपाशी कोणी पाटा घडवत असेल तर तिथे. आम्ही उकिडवे बसून तासभर बघायचो. वहीत काहीतरी काढायचो. निघताना सर त्या माणसाला एकच प्रश्न विचारायचे, ‘हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ त्यांनी किंमत विचारलेली किंवा कौतुकाचा शब्द आधी काढलेला मला आठवत नाही. या प्रश्नावर माणूस हातातलं काम खाली ठेवायचा. कुणी म्हणायचं बापानं, कुणी म्हणायचं मामानं. एका पाथरवटाने छिन्नीवरची धूळ फुंकत ‘भुकेनं’ असं उत्तर दिलं होतं. त्या दिवशी शाळेपर्यंतच्या वाटेवर सर काहीच बोलले नाहीत.

संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘आपल्या शहरातून जगातल्या संस्कृतींची ओळख’. या विषयावर मला जे सांगायचं आहे ते सगळं सरांच्या त्या एका प्रश्नात आहे. म्हणून तोच धरून बोलते.

नेरूळच्या वंडर्स पार्कात आपण सगळे मुलानातवंडांना घेऊन जातो. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती तिथे आहेत. ताजमहाल आहे, कलोसियम आहे, दोन्ही हात पसरलेला रिओचा ख्रिस्त आहे. मुलं तिथे मनापासून रमतात आणि त्यांनी रमावंच. माझी नात तिथेच पहिल्यांदा माचू पिचू हा शब्द बोलली. पण प्रतिकृतीला प्रश्न विचारता येत नाही. जगाची खरी ओळख व्हायची तर समोर काम करणारं माणूस लागतं. तसं माणूस आपल्या शहरात शोधायला फार लांब जावं लागत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

बेलापूरचं अर्बन हाट आपल्याला ठाऊक आहे. देशभरातले कारागीर तिथे पंधरा-पंधरा दिवसांसाठी येतात, गाळा मांडतात आणि जातात. काही वर्षांपूर्वी तिथे कच्छहून एक अजरखवाला, म्हणजे ठशांनी कापड छापणारा कारागीर, आला होता. विकायच्या ओढण्या मागे टांगून त्याने पुढे एक छोटं मेज मांडलं होतं आणि त्यावर कापड ताणून तो छपाई करून दाखवत होता. लाकडी ठसा रंगात टेकवायचा, कापडावर आणायचा, डाव्या हाताच्या बोटाने आधीच्या नक्षीची कड चाचपायची, ठसा बरोबर तिला भिडवायचा आणि वरून मुठीचा एक ठोका. त्याची नजर माझ्याकडे होती आणि बोट कड शोधत होतं. एकही ठसा सरकला नाही. येणारेजाणारे ‘हे मशीनचं आहे का?’ आणि ‘शेवटचा भाव काय?’ एवढंच विचारत होते. मी सरांचा प्रश्न विचारला.

तो बोटांवर नावं मोजू लागला. वडील, आजोबा, पणजोबा. सहा-सात नावांनंतर थांबला आणि म्हणाला, त्याच्या आधी आम्ही सिंधमध्ये होतो, कच्छच्या रावांनी आम्हाला बोलावून आणलं. ही गोष्ट सोळाव्या शतकातली, राव भारमल यांच्या वेळची. धमडका गावात हे खत्री कारागीर वसले, कारण तिथे नदीला वाहतं पाणी होतं आणि अजरखचं निम्मं काम पाणी करतं. मग त्याने मला कापडाचा सगळा प्रवास सांगितला. आधी ते धुऊन धुऊन खळ काढायची. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळं करायचं. आपल्या भीमाशंकरच्या जंगलात आदिवासी बायका गोळा करतात, तोच हा हिरडा. जिथे पांढरं राहायला हवं तिथे चुना आणि डिंकाचा ठसा. काळा रंग येतो तो भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवून. नंतर निळीच्या कुंडात बुडी, पुन्हा धुणं, आणि शेवटी मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात टाकलं की तुरटी लावलेल्या जागी लाल रंग उमटतो. तोवर तो दिसतच नाही. ‘लाल कुठे येणार ते आम्हाला आधीपासून ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला शेवटी कळतं,’ असं तो म्हणाला.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडक्याचं पाणी बिघडलं, रंग पूर्वीसारखे येईनात. कारागिरांनी मिळून नवं गाव वसवलं आणि त्याला नाव दिलं अजरखपूर. कलेच्या नावाने गाव वसतं, याचं मला फार अप्रूप वाटलं. घरी येऊन मी पुस्तकं काढली. कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या अवशेषांत ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे तुकडे सापडले आहेत, त्यातले पुष्कळसे आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. हे कापड मध्ययुगात गुजरातच्या किनाऱ्यावरून जहाजाने गेलेलं. इजिप्तमधल्या सामान्य घरांत ते वापरलं गेलं, फाटलं आणि टाकून दिलं गेलं. त्यातल्या काही नक्ष्या मी हाटात बघितलेल्या ठशांच्या थेट वळणाच्या आहेत. बेलापूरच्या एका गाळ्यापाशी उभं राहून मला सिंध, कच्छ आणि कैरो एका ओळीत लागले, ते त्या माणसाने बोटांवर मोजलेल्या नावांमुळे. भाव विचारून परतले असते तर मला एक ओढणी मिळाली असती, इतकंच.

नवरात्राच्या आधी दीड-दोन महिने आपल्या शहरातल्या बंगाली मंडळांकडे मूर्तिकार येऊन राहतात. मांडवाच्या मागे ताडपत्रीखाली त्यांचं काम चालतं. तिकडे सहसा कोणी फिरकत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते, जा. बांबूच्या चौकटीला ते काठामो म्हणतात. तिच्यावर पेंढा सुतळीने आवळून आधी देह उभा करतात. पेंढ्याची ती डोकं नसलेली दुर्गा बघितली की क्षणभर अंगावर काटा येतो. मग भाताचं तूस मिसळलेल्या मातीचा जाड थर, तो वाळून भेगाळला की बारीक मातीचा थर, भेगांवर मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या. बोटं वेगळी घडवून नंतर जोडतात. डोळे शेवटी. महालयाच्या दिवशी डोळे काढण्याची परंपरा आहे, त्याला ते चक्षुदान म्हणतात.

हे बघताना मला पेण आठवलं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती साच्यातून काढतात. शाडू गुजरातहून येतो. हातांचे, सोंडेचे जोड पुसून घेतात, मग रंग, आणि सगळ्यांत शेवटी आखणी. डोळे आखणारा कारागीर वेगळा असतो. इतर कामं शिकाऊ मुलगाही करतो, आखणीला मात्र जाणता हातच लागतो. काठामो आणि साचा या पूर्ण वेगळ्या रीती आहेत. एक आतून बाहेर घडवत जाते, दुसरी बाहेरून आत. डोळ्यांपाशी दोन्ही थांबतात आणि तिथे दोघांनाही सर्वांत अनुभवी माणूस लागतो. वाशीतल्या एका मूर्तिकाराला मी पेणच्या आखणीबद्दल सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, ते ब्रश कशाचा वापरतात? मला सांगता आलं नाही. दुसऱ्या वर्षी पेणला जाऊन विचारून आले आणि त्याला सांगितलं. पेणच्या कारागिराने उलट विचारलं होतं की पेंढा आतून कुजत कसा नाही. त्याचंही उत्तर मी नेऊन दिलं. साठ किलोमीटरच्या आतली ही दोन माणसं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, ही मला आपल्या शहराची मोठी उणीव वाटते.

पेणच्या याच मूर्ती गणेशोत्सवाच्या कित्येक महिने आधी न्हावा-शेवा बंदरातून अमेरिकेला, इंग्लंडला, मॉरिशसला निघतात. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे बंदर आपल्या उंबरठ्यावर आहे. रस्त्यावर त्याचे कंटेनर अडवे आले की आपण वैतागतो. त्यातल्या एखाद्यात पेंढ्यात गुंडाळलेले गणपती असतील, हे आपल्या मनात येत नाही.

वाशी स्टेशनजवळ वेगवेगळ्या राज्यांची भवनं आहेत. आसाम भवन, मिझोराम हाउस, केरळ हाउस. टाटा रुग्णालयात आणि खारघरच्या त्यांच्या केंद्रात उपचारांसाठी येणारी ईशान्येकडची कुटुंबं आपल्या शहरात महिनोन्महिने राहतात. माझी एक मैत्रीण अशा एका कुटुंबाला डबा द्यायची. नवऱ्याचे उपचार संपून निघताना त्या बाईंनी तिच्या गळ्यात गामोसा घातला. पांढरं सुती वस्त्र, काठाला लाल विणीची फुलं. मोडक्या हिंदीत त्यांनी सांगितलं की हा मीच विणलाय, माग आईने शिकवला, आमच्याकडे घरोघरी माग असतो. मैत्रिणीने तो अजून वापरायला काढलेला नाही. ही भवनं आपण रोज लोकलमधून बघतो. आत राहणाऱ्यांपैकी एकाच्याही घरी कोणता माग आहे, कोणतं वाद्य आहे, हे आपल्याला माहीत नसतं. आजारपणात अडकलेल्या माणसाला कला विचारू नये असं वाटत असेल तर ते चूक आहे. आपल्या हातचं काय येतं हे सांगताना त्या बाई कित्येक दिवसांनी हसल्या होत्या.

आता पनवेलला जाऊ या. जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलची प्रसिद्धी कशासाठी नोंदवली आहे ठाऊक आहे? बैलगाडीच्या चाकांसाठी. घाटावर परतणारे गाडीवान इथून चाकांची जोडी घेऊन जायचे. त्याच पनवेलमध्ये १८४९ मध्ये बांधलेलं बेथ एल हे ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. पुढे ते जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, गावोगावी पसरले, तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. आडनावं गावांवरून पडली, पेणकर, रोहेकर, दिवेकर, पनवेलकर. मराठी त्यांची मातृभाषा झाली. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या कीर्तनकारांचा थाट उचलला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तनं केली. एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने ते मलिदा करतात. पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर आणि फळं. कोकणातलं कुठलंही घर ते ताट ओळखेल. १९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्राएलला गेले आणि तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. जेरुसलेमच्या धर्मातलं किती आणि कुलाब्याच्या मातीतलं किती, हे त्या मलिद्याच्या ताटात वेगळं काढता येत नाही, आणि काढूही नये.

घाण्याची आठवण निघालीच आहे तर मुंबई-गोवा रस्त्यावरचं तारा गाव सांगते. तिथे युसूफ मेहेरअली सेंटरचं काम चालतं. डॉ. जी. जी. पारीख यांनी आयुष्यभर उभं केलेलं हे काम. २ ऑक्टोबर २०२५ ला, शंभरी ओलांडल्यावर ते गेले. तिथे तेलघाणी आहे, साबण होतो, मातीकाम होतं, आणि माणसं काम करत असताना तुम्हाला बघता येतं. मुलांना मॉलमध्ये नेण्याआधी एकदा तिथे न्या. घाण्यातून तेलाची पहिली धार येते तेव्हा सगळी मुलं गप्प होतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

आणखी खाली उतरलात तर चौल-रेवदंडा. १४६९ मध्ये अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला होता. रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. कुंडलिका नदीच्या पलीकडे कोर्लई. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, पण कोर्लईतली ख्रिस्ती कुटुंबं घरात आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली भाषा बोलतात. हजारेक माणसांची भाषा. तिच्यासाठी जगभरातले भाषाशास्त्रज्ञ येतात. आपल्यातले किती जण तिथे मासे खाण्याव्यतिरिक्त कशासाठी गेलेत, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारते.

आता आपल्या शहराबद्दल थोडं कडक बोलायला हवं.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० मध्ये हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. पुढे १९८० च्या दशकात त्यांनी बेलापूरच्या डोंगराच्या कुशीत आर्टिस्ट्स व्हिलेज रचलं. सात घरं एका अंगणाभोवती, अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण, आणि तशी पुढे वाढत जाणारी वस्ती. प्रत्येक घराची भिंत स्वतंत्र, म्हणजे पैसे आले की शेजाऱ्याला न दुखवता खोली वाढवता यावी. बांधकाम इतकं साधं की गावातला गवंडी आणि सुतार ते करू शकेल. अंगणात कोणी चित्र काढेल, कोणी माती मळेल, कोणी सारंगी घोटेल, असं नावावरून वाटतं. तसं फारसं झालं नाही. कलाकार थोडे आले, नोकरदार कुटुंबं अधिक आली, आणि आज तिथली पुष्कळ घरं पाडून काँक्रीटचे मजले चढले आहेत. मी त्या कुटुंबांना दोष देत नाही. घर वाढावं अशीच ती योजना होती. पण कलाकाराने कमवायचं कुठे आणि शिकवायचं कुणाला, याची सोय केल्याशिवाय नुसती घरं दिली तर तो तिथे टिकत नाही, हे आपण त्यातून शिकायला हवं होतं. हाटाचंही तेच. तिथे विकायची जागा आहे, काम करायची आणि शिकवायची नाही. पंधरा दिवस झाले की माणूस निघून जातो आणि त्याचा ठसा त्याच्याबरोबर जातो.

आणि हे शहर ज्यांच्या जमिनीवर उभं राहिलं त्यांचं काय? सिडकोने शहर आखलं ते ९५ गावांच्या शेतांवर, खाजणांवर आणि मिठागरांवर. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लोक उठले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, त्यातून पुढे मूळ मालकांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी योजना आली. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे ही गावं उठली. आपण बाहेरून आलेले लोक जगाच्या संस्कृती शोधायला निघतो आणि या गावांतून जाणारा रस्ता टाळून निघतो, कारण तो अरुंद आहे. मीसुद्धा हेच केलं. वाशीत तीस वर्षं काढल्यावर मी पहिल्यांदा या गावांतल्या आगरी समाजाच्या लग्नाला गेले, तेही कामवाल्या ताईंनी हात धरून नेलं म्हणून.

तिथे मी धवलारीण पाहिली. आगरी लग्नात विधी सांगते ती ही बाई. हळदीपासून लग्न लागेपर्यंत काय कधी करायचं, कोणी कुठे बसायचं, कुणाला बोलवायचं, सगळं तिच्या गाण्यातून पुढे सरकतं. वयस्कर, डोक्यावर पदर, आवाज बारीक पण तुटत नव्हता. तिने एक ओळ म्हणायची, भोवतीच्या बायकांनी ती उचलायची. मांडवातला गोंगाट जराही कमी झाला नाही आणि तिने आवाजही वाढवला नाही. नवरीच्या हाताला हळद लावणाऱ्या मुली गप्पा मारत होत्या, पण गाण्यातलं वळण आलं की त्यांचे हात आपोआप पुढच्या कामाला लागत होते.

ती गाते ते धवले, आणि मराठी वाचणाऱ्याला धवळे हा शब्द नवा नाही. तेराव्या शतकात महदंबेने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री ती. त्याच शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात प्रबंधांच्या यादीत धवल आहे आणि ओवीही आहे. गुजरातेत वैष्णव घरांतून म्हटलं जाणारं धोळ याच कुळातलं. आपण विद्यापीठात ज्या प्रकाराचा अभ्यास करतो, तो प्रकार घणसोली-करावे-दिवाळ्याच्या परिसरात लग्नाचं काम करतो आहे, आणि तो चालवणाऱ्या बाईला त्या यादीशी काहीही देणंघेणं नाही. मला त्या मांडवात सात शतकं एकदम भेटल्यासारखं झालं. डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या धवलारणीच्या ओटीवर जाऊन बसले आणि विचारलं, ‘आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?’ त्या म्हणाल्या, ‘कोन शिकवनार, बाय? आयशीच्या मागं जायाची, आयकून आयकून आलं.’ आईच्या मागे मांडवामांडवांतून हिंडत, झोपेत, जागेपणी. एकूण किती गाणी येतात ते त्यांना मोजता येईना. नुसतं बसून आठवत नाहीत, समोर हळद असली की हळदीची येतात, असं त्या म्हणाल्या. हे कुठल्याही संग्राहकाने लक्षात ठेवावं असं आहे. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत आजींना बसवून चालणार नाही.

मग माझ्या तोंडून एक दुसरा प्रश्न गेला. सरांच्या काळात तो विचारायची वेळ आली नव्हती. ‘आणि तुम्ही कुणाला शिकवताय?’

आजी जरा वेळ समोरच्या गल्लीकडे बघत राहिल्या. सुना नोकरीला जातात, नाती शाळेत, आणि हळदीच्या रात्री मोठमोठे स्पीकर लागतात, त्यात मागे मागे फिरून ऐकायचं ते कसं ऐकणार. त्यांनी तक्रार केली नाही. सांगितलं फक्त.

तेव्हापासून मी दोन्ही प्रश्न विचारते. अजरखवाल्याचा मुलगा त्याच कामात आहे. बंगाली मूर्तिकाराचा पुतण्या यंदा त्याच्याबरोबर आला होता, पेंढा आवळण्याचं काम त्याच्याकडे होतं. पेणला आखणीला नवी मुलं बसतात, कारण तिथे त्या हाताला पैसा आहे. ज्या कलेला आपण गिऱ्हाईक दिलं ती चालू आहे. धवल्याला गिऱ्हाईक नसतं, त्याला फक्त ऐकणारं माणूस लागतं, आणि ते आपण दिलं नाही. परदेशातून आलेल्या पाहुण्याने उद्या मला विचारलं की तुझ्या शहराची स्वतःची कला कोणती, तर मी त्याला वंडर्स पार्कात नेणार नाही. मी त्याला त्या ओटीवर नेईन.

श्रोतेहो, आपल्याकडे समाजमंदिरं आहेत, शाळांची सभागृहं आहेत, वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. वर्षाचे कित्येक दिवस त्यांतल्या खोल्या रिकाम्या असतात. महापालिकेने आणि सिडकोने प्रत्येक उपनगरात एक खोली तरी अशी द्यावी, जिथे कारागीर दोन-तीन महिने राहून काम करेल आणि चार मुलं त्याच्या हाताखाली बसतील. अजरखवाला, मूर्तिकार, पेणचा आखणीवाला यांना एका छपराखाली आणा. निरोप्याचं काम मी आनंदाने सोडून देईन. ही मागणी मी आज लेखी देणार आहे आणि त्यावर तुमच्या सह्या हव्या आहेत. कागद दाराशी ठेवला आहे.

दुसरं काम सह्यांनी होणारं नाही. या व्याख्यानमालेच्या समितीने ठरवलं आहे की सरांच्या शनिवारच्या फेऱ्या पुन्हा सुरू करायच्या. पहिली फेरी आजींच्या घरी. त्यांच्या पुतण्याच्या घरी लग्न आहे, हळदीच्या दिवशी आपण यावं असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे, आणि त्या संध्याकाळी दोन तास स्पीकर बंद ठेवायला पोरं तयार झाली आहेत. ज्यांना मुलींना घेऊन यायचं आहे त्यांनी माझ्याकडे नाव द्यावं. वही आणली तरी चालेल, पण आजी म्हणतात लिहून घेऊ नका, मागून म्हणा.